जुन्या गॅस-शेगडीची ज्योत : दोषांची परीक्षा आणि उपाय

तंजावरच्या उत्तरेस सुमारे बारा किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव वसलेले आहे. १८४७ साली संतसंगीतकार त्यागराज यांचे देहावसान याच गावी झाले. दरवर्षी पौष वद्य पंचमीस, म्हणजे बहुधा जानेवारी महिन्यात, त्यांच्या समाधीपाशी आराधना-उत्सव भरतो. तंजावरच्या मराठी राज्याचाच हा मुलूख. १८५५ साली ते राज्य संपुष्टात आले, तरी त्या राज्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात राहिली. घरात आपल्या वळणाची मराठी बोलणारी मंडळी या भागात आजही आढळतात. पोंगल आणि आराधना हे दोन्ही सण बहुधा लागोपाठ येतात आणि त्या दिवसांत येथील स्वयंपाकघरांना विश्रांती नसते. भात, सांबार आणि दूध तर रोजचेच. शिवाय मूगडाळ, गव्हाचे पीठ, साखर आणि तूप यांपासून होणारा ‘अशोका’ हलवा ही तर या गावाची खासियत. हा पदार्थ मंद व एकसारख्या आचेवर सतत घोटावा लागतो. ज्योत क्षणात मोठी, क्षणात लहान होऊ लागली, तर तो तळाशी करपतो आणि वर कच्चा राहतो.

भारतात घरगुती वापराचा द्रवरूप पेट्रोलियम वायू १९५५ साली प्रथम मुंबईत विक्रीस आला. पुढील काही दशकांत तो लहान गावांपर्यंत पोहोचला. चुलीची जागा शेगडीने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला आहे आणि आरंभीच्या काळातील काही भक्कम शेगड्या अजूनही वापरात आहेत. तीन किंवा चार बर्नर, ओतीव लोखंडाची जाळी, पितळी चाव्या, खाली भट्टी, असे त्यांचे स्वरूप असते. अशी शेगडी सहसा एकाएकी बंद पडत नाही. तिची ज्योत हळूहळू बिघडत जाते आणि घरातील माणसांना त्या बिघाडाची सवय होते. भांडी काळी होऊ लागली, भात शिजण्यास वेळ लागू लागला, की ‘गॅसच हलका आला’ असे म्हटले जाते. क्वचित एखादा हौशी कारागीर जेटचे छिद्र मोठे करून देतो. ज्योत मोठी दिसते, आणि दोष मात्र अधिक घातक होतो.

या प्रकरणाचा हेतू एवढाच की, वाचकास ज्योतीकडे पाहून दोषाचे स्थान ओळखता यावे, घरी काय करावे व काय करू नये हे समजावे.

ज्योत कशी घडते

जुन्या शेगडीचा बर्नर ज्या तत्त्वावर चालतो ते हायडेलबर्ग येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेतील १८५५च्या सुमाराच्या दिव्यातही होते. वायू आधी हवेत मिसळावा आणि नंतर जळावा, हे ते तत्त्व होय. रेग्युलेटरमधून ठराविक दाबाने निघालेला वायू जेटच्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडतो. घरगुती शेगडीत हे छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान असते. वायूचा हा झोत मिश्रणनळीत शिरताना आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. नळीत दोहोंचे मिश्रण होते व ते बर्नरच्या टोपीतील भोकांतून बाहेर येऊन पेटते. ही झाली पहिली हवा. उरलेली हवा ज्योतीस भोवतालून मिळते, ती दुसरी हवा.

हवेचे हे प्रमाण किती मोठे आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक लिटर प्रोपेन वायू पूर्णपणे जळण्यास सुमारे २४ लिटर हवा लागते आणि एक लिटर ब्यूटेनला सुमारे ३१ लिटर. आपल्या सिलिंडरात मुख्यतः याच दोन वायूंचे मिश्रण असते. शेगडीत वायूपेक्षा पंचवीस-तीस पट हवा जळणाच्या कामी येत असल्यामुळे बिघाडाचे कारणही पुष्कळदा हवेच्याच मार्गात असते. म्हणून ज्योत बिघडली की आधी हवेचा मार्ग तपासावा, वायूचा नंतर.

हवा अपुरी पडली, तर वायूतील कार्बन पुरता जळत नाही. त्याचे सूक्ष्म कण तापून पिवळे चमकतात आणि भांड्याच्या बुडाशी काजळी होऊन बसतात. याच अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. बंद स्वयंपाकघरात काम करणाऱ्या व्यक्तीला डोकेदुखी आणि मळमळ होऊ लागली व बाहेर आल्यावर बरे वाटले, तर केवळ उष्म्याला दोष देऊन चालणार नाही. काळे पडलेले पातेले ही घासणाऱ्याची डोकेदुखी तर आहेच, परंतु ती एक सूचनाही आहे.

तपासणीपूर्वी

कोणताही भाग सोडविण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरतो. तंजावर भागातील जुन्या घरांत मध्यभागी उघडा चौक असतो आणि स्वयंपाकघराची मोरी व पाण्याचे पन्हळ सखल असते. गळलेला वायू अशा सखल जागी साचून राहतो. म्हणून केवळ वरची खिडकी उघडल्याने समाधान मानू नये. दारेही उघडावीत.

वायूस स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. असा वास येत असल्यास काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये व चालू असलेले बटण बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून घराबाहेर यावे आणि तेथून गॅस-गळतीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळतीची जागा शोधण्यासाठी ज्योत कधीही वापरू नये. साबणाचे दाट पाणी सांध्यांना व नळीला लावावे. जेथे बुडबुडे फुगतात, तेथे गळती आहे.

पहिला प्रश्न : एक बर्नर की सर्व?

दोषाचा शोध एका साध्या प्रश्नाने सुरू करावा. बिघाड एकाच बर्नरचा आहे की सर्वांचा? एकच बर्नर नीट जळत नसेल आणि इतर ठीक असतील, तर सिलिंडर, रेग्युलेटर व रबरी नळी यांचा विचार करण्याचे कारण नाही. दोष त्या बर्नरची चावी, जेट, मिश्रणनळी किंवा टोपी यांतच असतो. उलट सर्व बर्नरांची ज्योत एकाच वेळी बिघडली असेल, तर एकेक बर्नर घासत बसणे व्यर्थ होय. तेव्हा सिलिंडरापासून शेगडीपर्यंतचा समाईक मार्ग पाहावा. नळी कोठे दुमडली आहे काय, शेगडीच्या पायाखाली दबली आहे काय, रेग्युलेटर नीट बसला आहे काय, हे क्रमाने तपासावे.

सर्व ज्योती मंद झाल्यास थंडीमुळे गॅस गोठला, असे म्हणण्याची पद्धत आहे. ब्यूटेन सुमारे उणे अर्धा अंशाला व प्रोपेन उणे बेचाळीस अंशांना उकळतो. डोंगराळ थंड प्रदेशात हे कारण खरे ठरू शकते. तिरुवैयारुच्या हवेत जानेवारीची पहाटसुद्धा त्या मानाने उबदार असते. तेथे हे कारण सांगून खरा दोष नजरेआड करू नये. मात्र मोठे बर्नर तासन्‌तास चालविले, तर द्रव वायूचे बाष्पीभवन होताना सिलिंडर स्वतःच गार पडतो, त्यावर दव साचते आणि दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडरास ऊब देण्यासाठी गरम पाणी ओतणे किंवा त्याजवळ विस्तव ठेवणे हा प्राणघातक उपाय आहे. वापर कमी करावा, एवढेच पुरे.

ज्योतीचे वाचन

निरोगी ज्योत निळी असते. प्रत्येक भोकावर निळसर-हिरवट रंगाचा स्पष्ट आतला शंकू दिसतो आणि त्याभोवती फिकट निळा वेढा असतो. ती भोकाला चिकटून, फारसा आवाज न करता जळते. यापासून ती कशी ढळली आहे, त्यावरून दोष ओळखता येतो.

पिवळी, लांबट, डुलणारी ज्योत : हवा कमी पडत आहे. मिश्रणनळीत जाळे किंवा धूळ, हवेच्या झडपेवर तेलकट थर, टोपीखाली साचलेली काजळी, ही नेहमीची कारणे. ज्या घरातील मंडळी चेन्नईस किंवा मुंबईस स्थायिक झाली आणि घर केवळ सणावाराला उघडले जाते, तेथे महिनोन्‌महिने न पेटलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतो किंवा कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. बाहेरून काहीच दिसत नाही. लवचिक ब्रश नळीतून आरपार फिरविल्याशिवाय हा अडथळा निघत नाही.

नारिंगी ठिणग्या, मात्र ज्योत निळीच : हा दोष नव्हे. उतू गेलेल्या सांबारातील मीठ किंवा केर काढताना उडालेली धूळ ज्योतीत जळते, तेव्हा असे दिसते. थोड्या वेळाने ते आपोआप थांबते. पिवळी ज्योत आणि नारिंगी ठिणग्या यांत गल्लत करू नये.

भोकापासून उचललेली, फरफरणारी ज्योत : मिश्रण भोकांतून फार वेगाने बाहेर पडत आहे, किंवा पहिली हवा जास्त झाली आहे. जुन्या शेगडीस हवेची झडप असेल, तर ती किंचित मिटवून पाहावी. सर्वच ज्योती अशा उचलल्या जात असतील, तर रेग्युलेटर दाब आवरीत नाही असे समजावे. तो घरी उघडू नये, वितरकाकडून बदलून घ्यावा.

‘फट्’ आवाज होऊन ज्योत आत शिरणे : मिश्रण इतके सावकाश बाहेर येत आहे की, ज्योतच उलट दिशेने नळीत धावते आणि जेटच्या तोंडाशी जळू लागते. बर्नर सुसू आवाज करतो व चावी तापते. ताबडतोब चावी बंद करावी. अर्धवट बुजलेले जेट, वाकडी बसलेली टोपी, झिजून रुंद झालेली भोके ही याची कारणे होत. टोपीची भोके झिजली असतील, तर टोपीच बदलावी लागते.

अर्ध्या वर्तुळावरच ज्योत : उरलेली भोके बुजली आहेत. भातावरची पेज, दूध व डाळ उतू जाऊन वाळते आणि जळून दगडासारखी होते. ‘पोंगल’ या शब्दाचाच अर्थ उतू जाणे. त्या सणाला दूध उतू जाणे शुभ मानतात. जेथे हा विधी अंगणातील चुलीऐवजी शेगडीवर होतो, तेथे दुसऱ्या दिवशी टोपी काढून धुणे हा सणाचाच एक भाग समजावा.

भांडे ठेवताच पिवळी होणारी ज्योत : बर्नर रिकामा असताना निळा आणि भांडे ठेवल्यावर पिवळा, असे होत असेल, तर दोष भांड्याचा किंवा जाळीचा आहे. पाहुण्यांसाठी काढलेले भले मोठे पातेले घरगुती बर्नरवर ठेवले की, त्याचे रुंद बूड दुसऱ्या हवेची वाट अडविते. उष्णता खाली परतून चाव्या व नळी तापवते. अन्नदानाच्या मोठ्या भांड्यांसाठी वेगळे बर्नर आणि त्यांना साजेशी जोडणी असते. घरच्या शेगडीकडून ते काम घेऊ नये.

वाऱ्याने हलणारी ज्योत : आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, या भागात जोराचा वारा सुटतो. आडीच्या वाऱ्यात पाटावरवंटाही उडून जातो, अशी तमिळ म्हण आहे. चौकातून येणारा हा वारा मंद ज्योत विझवितो आणि चावी उघडीच राहते. जुन्या शेगडीत ज्योत विझल्यास वायू आपोआप बंद करणारी योजना सहसा नसते. अशा दिवसांत मंद आचेवर काही ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. खिडकी बंद करण्याऐवजी शेगडी वाऱ्याच्या वाटेतून बाजूला घ्यावी, म्हणजे हवा खेळती राहते.

सफाई

टोपी व बर्नर काढून कोमट साबणपाण्यात भिजू द्यावेत. पितळी टोपीवर चिंच चांगले काम करते. लोखंडी बर्नर मात्र फार वेळ पाण्यात ठेवू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील मुख्य पावसाळा असतो, आणि त्या दमट हवेत ओतीव लोखंड फार लवकर गंजते. गंजाचे पापुद्रे नळीत पडून पुन्हा तोच अडथळा निर्माण करतात. टोपीची भोके योग्य जाडीच्या सुईने एकेक करून मोकळी करावीत. आगकाडी किंवा झाडूची काडी वापरू नये, कारण ती आत मोडते. शेवटी बर्नर उन्हात पूर्ण वाळवावा. नळीत पाण्याचा थेंब राहिला, तर ज्योत थुंकल्यासारखी तडतडते. टोपी परत ठेवताना ती आपल्या खाचेत सपाट बसली आहे, याची खात्री करावी. दोन बर्नरांच्या टोप्यांची अदलाबदल करू नये.

जेटला सुई लावू नये

टोपीच्या भोकांना चालणारी सुई जेटला मुळीच चालत नाही. जेट मऊ पितळेचे असते आणि पोलादी सुई त्याचे छिद्र सहज रुंदावते. छिद्राचा व्यास केवळ दहा टक्क्यांनी वाढला, तर त्याचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे त्याच दाबाखाली सुमारे एकवीस टक्के अधिक वायू बाहेर पडतो. हवेचा मार्ग मात्र पूर्वीइतकाच राहतो. परिणाम असा की, ज्योत मोठी दिसते, पिवळी पडते, भांडे काळे होते आणि सिलिंडर लवकर संपतो. बुजलेले जेट काढून साबणपाण्यात भिजवावे व फुंकून मोकळे करावे. फार तर विजेच्या वायरीतील तांब्याचा एक केसासारखा तंतू त्यातून फिरवावा. तेवढ्याने न सुटल्यास त्याच मापाचे नवे जेट बसवून घ्यावे. जेट पुन्हा घट्ट बसविल्यावर साबणपाण्याची परीक्षा करणे आवश्यक आहे.

जेटचे माप वायूच्या जातीवर ठरते, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नरिमणमसारख्या ठिकाणी भूगर्भातून नैसर्गिक वायू निघतो. तो मुख्यतः मीथेन असतो. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीच्या नळांतून घरोघरी येणारा वायूही याच जातीचा. मीथेनच्या एका लिटरला साडेनऊ लिटर हवा पुरते आणि त्यापासून मिळणारी उष्णता सिलिंडरच्या वायूच्या निम्म्याहून कमी असते. म्हणून त्यासाठी मोठ्या छिद्राचे जेट लागते. नळाच्या वायूवरील शेगडी मुंबईहून आणून तिरुवैयारुच्या सिलिंडरास जोडली, तर तिच्या ज्योती उंच, पिवळ्या व धोकादायक होतील. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या काळात कोळशाच्या वायूऐवजी उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू स्वीकारला, तेव्हा घरोघर जाऊन शेगड्यांचे बर्नर व जेट बदलावे लागले. एका घरातील शेगडीलाही तोच नियम लागू आहे.

चावी, भट्टी आणि रबरी नळी

पितळी चावी जड फिरू लागली की, पुष्कळ घरांत तिच्यावर खोबरेल तेलाचे थेंब सोडले जातात. काही दिवस ती हलकी फिरते. पुढे उष्णतेने ते तेल चिकट होते, आतील बारीक वाट बुजविते आणि चावी अधिकच अडकते. शिवाय तिच्या कडेने गळती सुरू होऊ शकते. चावीसाठी उष्णता सहन करणारे विशेष ग्रीस असते, आणि ते लावणे प्रशिक्षित कारागिराचे काम आहे.

भट्टी पेटविताना तिचे दार आधी उघडावे, काडी पेटवावी व नंतरच चावी फिरवावी. ती पहिल्या प्रयत्नात पेटली नाही, तर चावी बंद करून दार उघडे ठेवावे आणि किमान पाच मिनिटे थांबावे. भट्टीच्या बंद पोकळीत साचलेल्या वायूचा भडका चेहरा व हात पोळवितो.

रबरी नळी पाच वर्षांच्या आत बदलावी. तिच्यावर छापलेली मुदत पाहण्याची सवय ठेवावी. उंदराने कुरतडलेल्या किंवा भेगा पडलेल्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये.

शेगडी निवृत्त केव्हा करावी?

जुनी भक्कम वस्तू टाकून देणे आपल्याकडे जिवावर येते, आणि ते योग्यही आहे. वर सांगितलेले बहुतेक दोष ब्रश, साबण आणि थोडा वेळ यांनी दूर होतात. परंतु आतील समाईक नळीस गंजाने भोक पडले असेल, चाव्या ग्रीस लावूनही गळत असतील, टोप्यांची भोके झिजली असून त्या मापाच्या टोप्या मिळत नसतील, तर दुरुस्तीचा आग्रह सोडावा. सिलिंडरच्या वायूवर चालणाऱ्या घरगुती शेगडीसाठी भारतीय मानक ४२४६ आहे, आणि त्यानुसार शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. नवी शेगडी घेताना हे चिन्ह पाहून घ्यावे.

तोपर्यंत पुढील क्रम पाळावा. रोज रात्री रेग्युलेटर बंद करावा. उतू गेलेले अन्न बर्नर थंड होताच पुसावे. आठवड्यातून एकदा टोप्या धुवाव्यात. पोंगलपूर्वी आणि पावसाळा संपल्यावर मिश्रणनळ्यांतून ब्रश फिरवावा व सर्व सांध्यांना साबणपाणी लावून पाहावे. आणि रोज सकाळी कॉफीसाठी दूध ठेवण्यापूर्वी, भांडे न ठेवता, क्षणभर ज्योतीचा रंग पाहावा. हे पाहणे घरातील लहानथोर सर्वांना शिकवावे, कारण बिघाड प्रथम तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसालाच दिसतो.